सरांची चूक मला दिसली होती

मित्रांनो, लातूरच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली बसलेला जुना संगणक तो मी. माझा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे. पण मला माझ्यापेक्षा उमाशंकर सरांविषयीच जास्त सांगायचे आहे.

माझे भाग कुठकुठल्या कारखान्यांत घडले, मला ठाऊक नाही. ते इथल्याच एका दुकानात जोडले गेले. तिथून सरांनी मला रिक्षातून मांडीवर घेऊन आणले. खड्डा आला की ते मला दोन्ही हातांनी आवळून धरत आणि रिक्षावाल्याला म्हणत, "दमानं घ्या मामा, लेकरू हाय."

सर मुखेडकडचे. त्यांनी स्वतः संगणक पाहिला तो कॉलेजात आल्यावर. म्हणून खेड्यांतून येणाऱ्या मुलांची भीती त्यांना कळे. राजकन्या नावाची मुलगी पहिल्या दिवशी माझ्यापासून हातभर लांब उभी होती.

"सर, बिघडलं तर?"

"बिघडू दे की. माणसानं केलेलं हाय, माणूसच नीट करील. बस."

सरांची शिकवण्याची एक खोड होती. ते मुद्दाम चुकत. प्रोग्राम लिहिताना एखादा कंस गाळत. मी लगेच पडद्यावर लाल ओळ दाखवी आणि मुले चूक शोधायला तुटून पडत. सापडली की सर मुलांपेक्षा जास्त खूश होत. अशी शिकलेली मुले पुण्याला, हैदराबादला नोकरीला लागली. सुट्टीत आली की सरांना भेटत आणि जाता जाता माझ्या कीबोर्डवरून हात फिरवत. खासगी क्लासवाल्यांनी जास्त पगार देऊ म्हणत सरांना किती वेळा बोलावले! सर गेले नाहीत.

एका उन्हाळ्यात, परीक्षा तोंडावर आली असताना, सर दुपारी शिकवत होते. माझ्यावर लिहिलेले भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होते. अचानक सरांचा उजवा हात माझ्या कीबोर्डवर जड पडला. एकच अक्षर ओळभर उमटत गेले. मी लाल ओळ दाखवली. मुले हसली.

"सर, कंस राहिला!" अमरेश ओरडला.

"न्हाई, नावच चुकलंय!" मागून कुणीतरी म्हणाले.

सरांनी पुन्हा लिहिले. पुन्हा भलतेच उमटले. मित्रांनो, त्या बोटांची चाल मला पाठ होती. ही चूक मुद्दाम केलेली नव्हती. मला ते कळत होते, पण लाल ओळीखेरीज मला काही दाखवता येत नव्हते. मी ती दाखवत राहिलो आणि मुले हसत राहिली. सर काहीतरी बोलले. शब्द एकमेकांत अडकले. मुलांना तीही गंमतच वाटली. बराच वेळ असा गेला.

मग राजकन्या ताडकन उठली. "अरे, हसत काय बसलात! सरांचं तोंड बघा, वाकडं झालंय!"

मुलांनी सरांना खुर्चीसकट उचलले. मला बंद करायचे कुणाच्या ध्यानात आले नाही. संध्याकाळी वीज गेली, तेव्हा सरांची अर्धवट ओळ पुसली गेली.

सर वाचले. पण पक्षाघाताच्या त्या झटक्याने त्यांचा उजवा हात आणि वाचा नेली. "थोडं आधी आणलं असतं तर," असे डॉक्टर म्हणाल्याचे मुले आपसात बोलत होती. अमरेश त्यानंतर माझ्यासमोर कधी बसला नाही.

दिवाळीनंतर शांतम्मा, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांना हात धरून घेऊन आल्या. राजकन्येने मला सुरू केले. सरांनी डावा हात उचलला. एक बोट अक्षरांवर फिरत राहिले, पण कुठेच टेकेना.

"सर, मी लिहू का? काय लिहायचंय?" राजकन्येने विचारले.

"थांब बाळा," शांतम्मा म्हणाल्या. "त्यांनाच लिहू दे."

सर त्या अक्षरांकडे अनोळखी गावाच्या पाट्यांकडे पाहावे तसे पाहत होते. त्यांनी काहीही लिहिले असते तर मी ते जपून ठेवले असते. पण काहीच उमटले नाही. सरांनी हात मागे घेतला आणि डोळे मिटले. शांतम्मांनी पदराने त्यांचा चेहरा पुसला आणि त्यांना उठवले.

प्रयोगशाळेत आता नवे संगणक आले आहेत. मला भंगारात काढायचे ठरले आहे. त्याचे काही नाही. मित्रांनो, पडद्याकडे पाहता पाहता जवळच्या माणसाकडेही पाहत जा. कुणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर 'ऊन लागलं असेल' म्हणून वाट पाहत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या. मला ओरडता आले नाही. तुम्हाला येते.