थोरलीनंतर थोरली

"अगं, पाय उचल! का मक्याबरोबर तुलाही पेरू?"

आओको ओरडली आणि अकेयो खुदकन हसली. पुढे थोरली सवत, मागे धाकटी. थोरलीनं खड्डा करायचा, तीन दाणे टाकायचे, पायानं माती लोटायची; तिची ओळ थोडी पुढे सरकली की मग धाकटीनं आपली ओळ धरायची. त्यांच्या नवऱ्याच्या, ओपांदेच्या घरातच काय, साऱ्या आलेगो मुलखात हीच रीत. थोरलीच्या आधी धाकटीनं दाणा टाकला तर घराचं वाटोळं होतं म्हणतात. ते खरं की खोटं, हे करून बघायला अजून तरी कुणी माईचा लाल पुढे आलेला नाही.

म्हणून तर आओकोला दर वर्षी दोन दिवसांसाठी गावी यावं लागायचं. अकरा वर्षांपूर्वी ती किसुमूच्या बाजारात शाळेचे गणवेश शिवायला म्हणून गेली, ती तिथलीच झाली. आता तिची स्वतःची दोन मशीनं होती. नवऱ्याशी तिचं बोलणं म्हणजे 'आलीस?' 'आले.' संपलं! गावातल्या बायका म्हणायच्या, वर्षभर राबते धाकटी आणि मान घ्यायला येते थोरली, अकेयो आतून जळत असणार. अकेयो त्यांना खुशाल तसं समजू द्यायची. मी सवतीची वाट बघते, असं सांगितलं असतं तर सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं असतं.

पण ती वाट बघायची, अगदी दिवस मोजून! आठवडाभर आधीच थोरलीचं बंद घर शेणानं सारवायची. सुकी मासळी अशी दडवायची की ओपांदेला वासही लागू नये. आणि गप्पा साठवायची. कुणाची कोंबडी कुणी लाटली इथपासून ते आपली लेक अमोंदी गणितात साऱ्या वर्गाला भारी पडली इथपर्यंत.

खरं सांगायचं तर तिनं या घराला होकार दिला तो ओपांदेला बघून नव्हेच. आओकोला सात वर्षं मूल नव्हतं. सासू दुसरी सून शोधायला लागली, तेव्हा आओकोच उठून आपल्या माहेरी, सेमेला गेली. "तुम्ही कुणीतरी कजाग आणाल, त्यापेक्षा माझी सवत मीच निवडते!" सेमेच्या ओढ्यावर एक पोरगी धुणं धुताधुता एकटीच हसत होती. आओको तिच्याशेजारी बसली ती संध्याकाळपर्यंत. अशी आली अकेयो. दोघी पाच वर्षं एका चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली ढवळत होत्या, एकमेकींचे केस विणत होत्या. मग थोरली गेली.

"ऐक," खड्डा करताकरता आओको म्हणाली, "पुढच्या वर्षी पहिला दाणा तू टाक."

"का? म्हातारे, कंबर धरली का तुझी?"

"कंबर ठणठणीत आहे. माझे भाऊ गाई परत करणार आहेत. काल सांगितलं मी अमोंदीच्या बापाला."

अकेयोच्या हातातली कुदळ थांबली. लग्नात नवऱ्याकडून माहेरी आलेल्या गाई परत गेल्या म्हणजे लग्न संपलं.

"पण का? इथं कोण त्रास देतंय तुला? दोन दिवस तर येतेस!"

"मेल्यावर मला कुठं पुरणार हेसुद्धा ठरलंय, माहितेय ना? माझ्याच दाराच्या डाव्या हाताला. सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. मला माझ्या नावाची एवढीशी जागा हवी, अकेयो. कुणाची थोरली म्हणून नाही, नुसती आओको म्हणून."

"आणि मी?"

"तू थोरली होशील. बायका जीव टाकतात या मानासाठी."

"आग लागो तुझ्या मानाला!" अकेयो इतक्या जोरात ओरडली की बांधावरचे बगळे उडाले. "मला इथं कोणी आणलं? ओपांदेनं? तूच ना! मी तुझ्या मागं आले, ताई. आणि पाच वर्षांत मला त्या म्हाताऱ्या सासूच्या हवाली करून निघून गेलीस!"

बांधावरून ओपांदेनं हाक दिली, "पेरताय का पंचायत भरवलीय?"

"दोन बायका केल्यास ना?" आओकोनं तिकडे न बघताच उत्तर दिलं. "मग दोन तोंडं चालणारच!"

एरवी अकेयो पोट धरधरून हसली असती.

"मला माहीत आहे," आओको हळूच म्हणाली. "म्हणून तर अकरा वर्षं आले. नाहीतर या मक्याचं मला काय पडलंय?"

"मग ये की तशीच. पाहुणी म्हणून."

"गाई परत गेल्यावर या फाटकातून कुठल्या तोंडानं येऊ? तूच ये किसुमूला. तुला मशीन शिकवते."

सासू अंथरुणाला खिळलेली, दावणीला गुरं, पोरं शाळेत. दोघींनाही सारं ठाऊक होतं.

"येईन," अकेयो म्हणाली.

आओकोनं मान हलवली आणि पुढचा खड्डा खणला.

वर्ष गेलं. किसुमूला जाणं काही झालं नाही.

पेरणीच्या सकाळी शेजारच्या बायका मुद्दाम बांधावर जमल्या. "आता काय बाई, तुझाच तोरा! आम्हाला ओळख दाखवशील ना?" अकेयोनं डोक्याला नवं फडकं बांधलं होतं. मागे कुदळी घेऊन ओपांदे आणि अमोंदी तिच्या पहिल्या दाण्यासाठी खोळंबून उभे होते. तिनं खड्डा केला, तीन दाणे टाकले, पायानं माती लोटली. बायकांनी जिभा हलवून असा काही जल्लोष केला की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

अकेयो एक पाऊल मागे सरली आणि कुदळीवर हात टेकून उभी राहिली. समोर सगळं रान मोकळं पडलं होतं.

"आई," अमोंदीनं विचारलं, "कुणासाठी थांबलीस?"

"कुणासाठी नाही गं," ती म्हणाली आणि दुसऱ्या खड्ड्यासाठी वाकली.