उरलेल्या गोळ्या

भाचीचा रिपोर्ट आला आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"रक्तात जंतू वाढलेच नाहीत," डॉक्टर वहिनीला म्हणाले. "टायफॉइड नसावा. सलाइन काढू, उद्या घरी न्या."

मुलांच्या या वॉर्डात मी अठरा वर्षं नर्स आहे. तापाचा नववा दिवस, फुगलेलं पोट, पांढरी जीभ. हा साधा ताप असेल तर मी नाव बदलेन. रक्तात काही का सापडलं नाही, तेही फक्त मलाच ठाऊक होतं.

घरी गेलेल्या मुलांच्या अँटिबायोटिक गोळ्या उशाशी राहत. फेकायला माझा जीव होत नसे. काटकसरीचा भारी तोरा मला! गल्लीत कुणाचं पोर तापलं की माझी गोळी तयार. दोन दिवसांत पोर उड्या मारू लागलं की बंद, उरलेल्या पुढच्या पोराला. भाचीला वर्षात चारदा दिल्या. या वेळी तर रक्त काढायच्या दिवशी सकाळीसुद्धा.

सांगितलं तर नोकरी जाणार. गप्प बसले तर पोरीचं आतडं फाटणार. तशी दोन मुलं मी स्वतः चादरीत गुंडाळली आहेत.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले, आणि सगळं ओकून टाकलं.

त्यांनी घरी सोडायचा कागद फाडला. मग म्हणाले, "जंतू मेले नाहीत बाई, दबून बसलेत. अर्धवट गोळ्यांनी निर्ढावलेतही असतील. पुन्हा रक्त घ्या, आणि शेवटचं म्हणून राखलेलं ते मोठं इंजेक्शन आत्ताच सुरू करा. पूर्ण चौदा दिवस. ते लागू पडलं नाही, तर माझ्याकडे पुढचं काही नाही."

इंजेक्शन दुसऱ्या नर्सने दिलं. वहिनी माझ्याकडे पाठ करून बसली.

पाचव्या दिवशी ताप शंभरापर्यंत उतरला. "आत्या, भूक लागली," भाची म्हणाली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

बाहेर आले तर वॉर्डाच्या दारात आमची शेजारीण. खांद्यावर तिचा धाकटा, मान टाकलेला. मागे गल्लीतली शिंपीण, तिच्या कडेवर तापाने लाल झालेली मुलगी.

मला पाहून शेजारणीचा चेहरा उजळला.

"बरं झालं ताई, तुम्हीच भेटलात. तुमची ती गोळी चार दिवस देतेय, पण या वेळी ताप उतरतच नाही हो. दुसरी एखादी आहे का?"