वस्तऱ्याचा हात

तीन खुर्च्यांच्या त्या सलूनमध्ये मधली खुर्ची त्याची. मालकासकट सगळे त्याला कारागीर म्हणायचे. कात्री काय, मशीन काय, कुणीही चालवील, पण वस्तरा धरावा तर ह्यानेच, असं गिऱ्हाइकांचं ठाम मत. बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या असल्या तरी माणसं बाकावर पेपर चाळत बसून राहायची. गालावरून त्याचा वस्तरा फिरला की नुसता ऐकू यायचा, जाणवायचा म्हणून नाही.

अशा माणसाचा हात थरथरायला लागला.

झालं होतं असं, की शर्टांच्या कारखान्यात घड्या घालायचं बायकोचं काम एकाएकी सुटलं आणि त्याच महिन्यात घरमालकाने भाडं वाढवलं. तेव्हापासून कारागिराच्या डोक्यात एकच भुंगा. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधतोय, पण मनात भाड्याची तारीख. ब्रशने फेस लावतोय, पण मनात तीच तारीख. एका सकाळी एका बँकेतल्या साहेबांच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. रक्त थोडंच आलं, बोभाटा मात्र गल्लीभर झाला. दोनच आठवड्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हनुवटीवर तसंच. मालक माणूस वाईट नव्हता. त्याने तुरटी लावली, माफी मागितली आणि संध्याकाळी कारागिराला बाजूला घेऊन सांगितलं की थोडे दिवस तू फक्त पोरांचे केस काप.

थोडे दिवस म्हणता म्हणता आठ महिने झाले. पोरांच्या केसांचे पैसे निम्मे, वर बक्षिशीचं नाव नाही. घरात येणारं आणखी कमी झालं, भुंगा आणखी जोरात गुणगुणायला लागला, हात आणखी थरथरायला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोटं ताणून बघितली, हातोडीने गुडघ्यावर ठोकून बघितलं आणि नस-बीस सगळी ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, कसला घोर लागलाय? तो म्हणाला, कसलाच नाही. उजवा हात खिशात घालून घरी आला.

घर म्हणजे एक खोली आणि तिच्या पोटातच स्वयंपाकघर. तिथे तो, बायको, आई आणि बारा वर्षांची लेक. तो घरात बोलेनासा झाला होता. बायको एरवी हसरी, पण आता भांडं जरा जोरात वाजलं तरी लेकीच्या अंगावर खेकसायची आणि मग मोरीत तोंड धुवायला म्हणून जाऊन बराच वेळ बाहेर यायची नाही. आई एकच गोष्ट चार-चारदा विचारायची. चहा मात्र सगळे मुकाट्याने त्याला अर्धाच कप द्यायचे. भरलेला कप त्याच्या हातात राहायचा नाही, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

त्या वस्तीत एक संस्था आली. हातात यादी घेतलेली एक तरुण बाई घरोघर फिरली, नावं लिहून घेतली आणि चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडली गेली. त्यात कारागिराच्या बायकोचं नाव निघालं. वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, तिच्या खात्यात ठरावीक रक्कम. कशावर खर्च करायची ते तुमचं तुम्ही बघा, हिशेब दाखवायचा नाही, परत द्यायची नाही. ती बाई हे सांगत असताना बायकोने तिला तीनदा थांबवून तेच तेच विचारलं. कारागीर दाराला टेकून ऐकत होता. बाई गेल्यावर म्हणाला की फुकट कुणी कुणाला देत नसतं, उद्या कसल्या तरी कागदावर सही मागायला येतील.

"येऊ देत की," बायको म्हणाली. "पैसे आलेले असतील, तर मी चहासुद्धा पाजीन त्यांना."

पहिल्या तारखेला फोनवर मेसेज आला. बायको कोपऱ्यावरच्या एटीएमवर गेली, शिल्लक बघून आली, पुन्हा गेली, पुन्हा बघून आली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा सासूबाईही चपला घालून तिच्याबरोबर गेल्या. कारागिराने पंधरा दिवस त्या पैशांना हात लावू दिला नाही. चुकून आले असतील, मागायला आले तर देता आले पाहिजेत. सही मागायला कुणी आलं नाही. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा मेसेज. तिसऱ्या महिन्यात तर सकाळपासून तोच फोनच्या आसपास घुटमळत होता, आणि विचारलं तर म्हणे कंगवा शोधतोय.

रक्कम डोळे दिपवणारी नव्हती. भाडं भागायचं आणि वर किराण्यातलं थोडं सुटायचं. पण ती ठरल्या दिवशी यायची, आणि कित्येक महिन्यांत त्या घरात ठरल्याप्रमाणे आलेली ती एकच गोष्ट होती. हळूहळू सगळ्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरायला लागलं. लेक शाळेतल्या गमती सांगायची, त्या कारागीर शेवटपर्यंत ऐकायला लागला, आणि मध्येच प्रश्नही विचारायला लागला. बायको शेजारणीची नक्कल करून सासूला हसवायला लागली. तिला एक काम चालून आलं होतं, पण तिथे पगार दोन-दोन महिने लटकवतात असं कळल्यावर तिने चक्क नाही म्हणून सांगितलं. नाही म्हणून आल्यावर स्वतःच्याच धिटाईवर ती दिवसभर खूश होती.

आणि मग ती चहाची सकाळ. बायको कपात चहा ओतत होती, लेकीने काहीतरी विचारलं, तिचं लक्ष तिकडे गेलं आणि कप काठोकाठ भरला. तिच्या लक्षात येईपर्यंत कारागिराने तो उचललासुद्धा होता. पेपर वाचता वाचता त्याने दोन घोट घेतले आणि कप बशीत ठेवला. बशी कोरडी.

  दुसऱ्या दिवशी बायकोने मुद्दाम कप काठापर्यंत भरला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या कानात सांगितलं, आणि सासूबाईंच्या पोटात काही राहत नसल्यामुळे चौथ्या दिवशी लेकीलाही कळलं. मग काय, तिघींचा कटच झाला. आई त्याच्याशी बोलता बोलता वाफाळता कप त्याच्या हातात द्यायची. लेक शाळेतून आली की बाबांसाठी चहा टाकायची, आणि तो पुरता संपेपर्यंत समोर बसून बशीकडे टक लावून बघायची.

आठवडाभराने कारागिराने विचारलं, "या घरात एकाएकी चहाला एवढा ऊत का आलाय?"

लेकीला हसू आवरेना. "बाबा," ती म्हणाली, "तुमचा हात बघा ना."

त्याने हात बघितला. खिडकीच्या उजेडात नेला, बोटं पसरली. चौघं त्या हाताकडे बघत राहिली. बोटं शांत होती. मग आनंदाने त्याचं काळीज इतकं उडायला लागलं, की त्यामुळेच करंगळी थोडी हलली, आणि आई घाबरून "पुरे, पुरे, झाक तो हात" म्हणाली. दृष्ट लागायची तिला भीती वाटली असावी.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी तो फुग्यांचं पाकीट घेऊन आला. तो ज्या वस्तादांच्या हाताखाली शिकला, ते नव्या पोराला माणसाच्या गालाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने काढायचा. फुगा न फुटता स्वच्छ झाला तर पुढचं शिक्षण. कारागिराने वस्तऱ्याला नवं पातं लावलं. लेकीने गाल फुगवून फुगा फुगवला, बायकोने तो दोन्ही हातांत धरला, आई खुर्ची ओढून समोर बसली. तो खाली वाकला.

फुगा फाटकन फुटला. फेस चौघांच्या तोंडावर, भिंतीवर, आईच्या चष्म्यावर.  कारागिराने वस्तरा खाली ठेवला. बायकोने पदराने तोंड पुसलं आणि लेकीला म्हणाली, "दुसरा फुगव."

दुसराही फुटला. लेक म्हणाली की तो तिने जरा जास्तच फुगवला होता, आणि ते खरं की बापासाठी रचलेलं, कुणास ठाऊक. तिसरा लेकीने बेताने फुगवला. वस्तरा फेसातून करकरत खाली आला, एक पट्टा निघाला. मग दुसरा. लाल फुगा फेसातून पट्ट्यापट्ट्याने बाहेर यायला लागला. शेवटचा ठिपका निघाला तेव्हा बायकोने तो फुगा अलगद वर उचलून सगळीकडून फिरवून बघितला आणि मग नाचवतच दाराबाहेर नेऊन शेजारणीला दाखवला. थोड्याच वेळात दारात आठ-दहा माणसं जमली. पाचवा फुगा झाला, सहावा झाला. सातव्याच्या वेळी पोरंटोरं मोठ्याने मोजायला लागली.

त्या गर्दीतून वाट काढत बायकोचा भाऊ आत आला. तो ट्रक चालवायचा आणि चार दिवसांच्या प्रवासाची दाढी तशीच वागवत थेट बहिणीकडे आला होता. भिंतीवरचा फेस बघून त्याने आधी घरात भांडण झालंय का ते विचारलं. सगळं कळल्यावर तो स्टुलावर बसला आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.

"फुग्याला काय कळतंय, भाऊजी," तो म्हणाला. "माझी करा."

कारागिराने वस्तऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्या हातून दोघांना लागलंय."

"ठाऊक आहे मला. तिसरा मी नाही, एवढं बघा."

कारागिराने त्याच्या गालाला फेस लावला. पहिला फेरा घेताना तो हळू आवाजात बोलायला लागला. मेहुण्याशी बोलत होता की स्वतःशी, ते कळत नव्हतं. "हाताला काही झालंच नव्हतं रे. वस्तरा उचलला की मनात भाडं. समोरचं तोंड मला दिसायचंच नाही. आज तुझं तोंड दिसतंय." एवढं बोलून तो गळ्यापाशी आला, त्वचा ताणून धरली, आणि खालून वर एका दमात वस्तरा नेला. दारातल्या गर्दीने सुस्कारा सोडला. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साबण गेला म्हणून, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये त्याने मालकाला विचारलं, पुन्हा दाढ्या करू का. मालकाने त्याच्याकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, आणि स्वतःच मधल्या खुर्चीत जाऊन डोकं मागे टेकवलं. दाढी झाल्यावर दोन्ही गालांवरून उलटा हात फिरवला आणि बाकावरच्या पहिल्या माणसाला सांगितलं, या, बसा.

सगळं एका झटक्यात सुरळीत झालं असं नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या तारखेला बँकेला सुट्टी आली आणि मेसेज आला नाही. दुपारी कारागिराची बोटं पुन्हा थरथरली. पण या वेळी त्याने ती खिशात लपवली नाहीत. गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं, आज हात बरा नाही, मशीनने करतो. मेसेज दुसऱ्या दिवशी आला. त्या अनुभवातून तो एक शिकला, आणि मालकाकडे जाऊन बोलला की दर कामामागे मिळतात ते पैसे चालू ठेवा, पण महिन्याला थोडी ठरावीक रक्कम बांधून द्या. असं मागायचं आधी त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. मालकाने कुरकुर केली, चार दिवस घेतले, आणि मागितलं त्यापेक्षा थोडं कमी मान्य केलं. बायकोलाही महिन्याच्या महिन्याला पगार देणाऱ्या शिवणकारखान्यात काम मिळालं.

संस्थेचे अजून तीन महिने बाकी होते. एका संध्याकाळी तो घरी आला, तर बायको आणि आई तावातावाने भांडत होत्या.  ऐकलं, तर वाद कपाटाचा. जुनं घ्यायचं की नवं, खिडकीपाशी ठेवायचं की दारामागे, आणि आरसा हवा की नको. लेक मधूनच स्वतःसाठी एक खण मागत होती. कारागिराने विचारलं की कपाट घ्यायचंय तरी कधी.

"पुढच्या वर्षी," दोघी एका सुरात म्हणाल्या आणि पुन्हा भांडायला लागल्या.

पुढच्या वर्षी. हे शब्द त्याने या खोलीत कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. त्याने चपला काढल्या, मधोमध बैठक मारली आणि आरसा पाहिजेच, असं ठासून सांगितलं.