मालगुजाराचं मरण

मराठी मंडळाच्या देवश्रीताईंनी खांद्यावर शाल टाकली तसा हरिदासचा हात ती काढायला वर गेला.

"थांबा काका, फोटो होऊ द्या," त्या हसत कुजबुजल्या.

फोटो झाला. फोटोवाल्याला तो पसंत पडला नाही, म्हणून हातातला नारळ परत देऊन पुन्हा एकदा घ्यावा लागला. हरिदासनं तेही केलं. म्हटलं, एकदा माइक हातात येऊ द्या, मग बघतो. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. शालीची घडी घालून टेबलावर ठेवायची, वर नारळ ठेवायचा आणि सांगायचं, गेट काढून घेऊन हॉल देत असाल तर हॉल तुमचा तुम्हालाच लखलाभ.

या शाल-नारळामागे मोठं रामायण होतं. बीरगांवातल्या एका रोलिंग मिलच्या गेटासमोर, कडुलिंबाखाली, हरिदास दर बुधवारी नाटक करायचा. बाप भंडाऱ्याकडच्या जलशात डफ वाजवायचा, त्याचंच हे वेड. रेल्वेच्या वर्कशॉपात होता तेव्हा रजा टाकून करायचा, रिटायर झाल्यावर राजरोस करू लागला. तिकीट नाही, खुर्ची नाही, जागा दिसेल तिथं बूड टेका. दुपारी पाळी बदलते त्या वेळेवर सगळं बांधलेलं. कामावर येणारी माणसं जरा आधी येऊन बसायची, त्यांना पहिला अर्धा भाग. भोंगा झाला की ती आत, सुटलेली बाहेर, आणि त्यांना दुसरा अर्धा. पाळ्या फिरल्या की राहिलेला भाग पदरात पडायचा. त्यामुळे कित्येकांना शेवट आधी कळायचा आणि सुरुवात मागून. डबा खाताना एकमेकांना विचारायचे, अरे, मंग बायको काय म्हणते? अख्खं नाटक सलग पाहिलेला माणूस त्या मिलमध्ये नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

मग मालकांनी, निरंजनबाबूंनी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबांध्याकडे, हा हॉल बांधला. थंडगार, गुबगुबीत खुर्च्यांचा, स्वर्गवासी वडिलांच्या नावाचा. पास फुकट. गावभर वाहवा झाली. कलेचे दरवाजे सर्वांसाठी उघडले म्हणून मराठी मंडळानं निरंजनबाबूंचा सत्कार ठरवला आणि त्यांच्याबरोबर हरिदासचाही. आणि त्याच आठवड्यात मिलच्या एका साहेबानं हरिदासला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "दादा, अगले महीने से गेट पर बंद. ट्रक अटकते हैं. अब तो इतना बढ़िया हॉल है."

हॉल बढिया होता, कोण नाही म्हणतो! पण कार्यक्रम संध्याकाळी. तेव्हा दुसऱ्या पाळीची माणसं भट्टीपुढं, रात्रपाळीची अंथरुणात, आणि दुपारी सुटलेल्यांच्या अंगात शहराच्या या टोकाला यायचं त्राण नाही. फुकट तर चांदणंही असतं, म्हणून भट्टीपुढच्या माणसाला ते मिळतं थोडंच! आताही समोर मंडळातली माणसं होती, अफसर होते, त्यांची मुलंबाळं होती. मिलचे म्हणून इस्त्रीचे शर्ट घालून आलेले पाचपंचवीस बाबू पुढं मांडून ठेवले होते. मिलमध्ये खरोखर लोखंड ओढणारा एकटा लोकेश, तोही हरिदासच्या नाटकात मुलाचं काम करतो म्हणून सुट्टी टाकून आलेला, पार मागच्या भिंतीशी उभा.

सकाळी सत्यभामेनं नवऱ्याला बजावलं होतं. "शाल घ्या न् चुपचाप घरी या. जेवण नाही आवडलं म्हणून कोणी पंगतीत पान नाही फेकत."

"जेवणाचं नाही म्हणून राहिलो मी. माझा पाटच ओढून घेतला न त्यायनं."

"मंग तसं सांगा. पण रागानं नका सांगू, बाप्पा. रागात तुमाले धड बोलता येत नाही."

आता ती दुसऱ्या रांगेत नव्या लुगड्यात बसली होती आणि नजरेनंच, गप राहा, गप राहा, असं सांगत होती.

आधी निरंजनबाबू बोलायला उठले. साठीचा, सडपातळ, हळू चालणारा माणूस. मराठी त्यांना चांगली कळायची, मिलचे निम्मे फोरमन नागपूर-भंडाऱ्याकडचेच होते, पण बोलायचे हिंदीतच. लिहून आणलेला कागद त्यांनी वाचायला घेतला, दोन ओळी वाचल्या आणि खिशात घालून टाकला.

"मेरा केबिन ऊपर है, गेट के सामने," ते म्हणाले. "काँच बंद रहता है. नीचे की आवाज़ ऊपर नहीं आती. लेकिन हरिदासजी का नाटक मैंने बरसों देखा है. हर बुधवार. सुना एक शब्द नहीं."

हॉलमध्ये कौतुकाचं हसू फिरलं. ते मात्र हसले नाहीत. एकदा खाली उतरून आलो होतो, असं त्यांनी सांगितलं. आलो तशी सगळी माणसं उठून उभी राहिली, नाटक थांबलं. तेव्हा परत वर गेलो तो पुन्हा उतरलो नाही.

"एक बूढ़ा आदमी है उसमें, जो मरता है," ते पुढं बोलू लागले. "आँगन में लिटाते हैं उसको. और सामने मेरे सौ-डेढ़ सौ आदमी, मुँह पर गमछा, और सबके कंधे हिल रहे हैं. मेरे पिताजी गए तब मैं यहाँ नहीं था. आख़िरी दर्शन भी नहीं हुआ. हर बुधवार मैं ऊपर खड़ा रहता था, और लगता था कि ये इतने लोग उन्हीं के लिए रो रहे हैं. उसके आगे मुझसे देखा नहीं जाता था."

हरिदासनं दुसऱ्या रांगेकडं पाहिलं.

सत्यभामेनं पदर तोंडावर धरला. मागं भिंतीशी लोकेशनं कपाळाला हात लावला. कारण ते नाटक रडण्याचं नव्हतंच. तो निव्वळ फार्स होता. आपल्यामागं कोण किती रडतं हे बघायला एक मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, मेल्याचं सोंग घेतो, आणि रडायचं सोडून घरदार त्याच्या कमरेची चाबी शोधायला लागतं, एवढीच गोष्ट. गेटवर लोखंडाची धूळ उडते, म्हणून गमछा सगळ्यांच्या तोंडावर कायमचाच. त्याच्याआड ती माणसं पोट धरधरून हसत होती. आणि वर काचेमागं हा भला माणूस बापासाठी डोळे पुसत होता! त्या डोळ्यांतल्या पाण्यावर हा अख्खा हॉल उभा राहिला होता.

"हरिदासजी," निरंजनबाबू वळले. "वो सीन आज यहाँ कर दीजिए. मुझे सुनना है."

टाळ्यांचा पाऊस पडला. देवश्रीताईंनी लगबगीनं सोफे मागं सरकवले. लोकेश मधल्या वाटेनं मान खाली घालून आला. सत्यभामा पायऱ्या चढून आली, कारण मालगुजाराच्या बायकोचं काम तिचंच होतं. तिघं एका कोपऱ्यात डोकी जुळवून उभे राहिले.

"काकाजी, मेलो आपण," लोकेश म्हणाला.

"रडू का मी?" सत्यभामेनं विचारलं. "तुमी म्हणान तसं करतो. चाबीचं नावच नाही काढत. मस्त गळा काढतो. त्या माणसाचं मन राहीन, अन् मंग गेट मागा. नाही नाही म्हणणार ते."

हे खरं होतं. इतकं खरं होतं की हरिदासच्या तोंडाला पाणी सुटलं. दोन अश्रू आणि गेट आपलं! त्यानं निरंजनबाबूंकडं पाहिलं. ते खाली पहिल्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर जाऊन बसले होते, हात गुडघ्यांवर, शाळेतल्या पोरासारखे. या माणसाला आज फसवलं तर पुढल्या बुधवारी वर काचेकडं कोणत्या तोंडानं बघायचं?

"हाय तसंच करा," तो म्हणाला.

"न् गेट गेलं त?" सत्यभामेनं विचारलं.

"हाय तसंच."

अंगावरची शाल त्यानं डोक्यापर्यंत ओढून घेतली आणि स्टेजच्या मधोमध तो आडवा झाला. मालगुजार मेला. सत्यभामेनं जवळ येऊन नाकाशी सूत धरलं, लोकेशनं टाच दाबून पाहिली.

"गेले वाटते रे!"

"खरंच गेले का वं माय? परवा एकडाव असंच केलं होतं."

"गेले त गेले, चाबी कुठं ठेवली ते सांगून त जायचं मानसानं! तू त्या कुशीनं पाहाय, मी ह्या कुशीनं पाहातो."

गेटवर या वाक्याला कडुलिंबावरचे कावळे उडायचे. इथं चिटपाखरू हललं नाही. शालीच्या फटीतून हरिदासला सगळं दिसत होतं. स्टेजकडं कुणी बघतच नव्हतं. सगळ्या माना पहिल्या रांगेतल्या एका चेहऱ्याकडं वळल्या होत्या. तो चेहरा आधी गोंधळला. मग हळूहळू त्याला उमगत गेलं, आणि ते उमगणं बघवेना. लोकेश आणि सत्यभामा दोन्हीकडून प्रेताला लोळवत होते, गुदगुल्या करत होते, चाबी सापडत नव्हती.

निरंजनबाबू हसले. एकदाच, नाकातून, हं करून.

आणि बटण दाबल्यासारखा अख्खा हॉल हसला. इस्त्रीचे शर्ट हसले, अफसर हसले, मुलंबाळं हसली. हरिदास सरळ उठून बसला. प्रवेश अर्धाच झाला होता, पण पुढं करवेना. त्यानं माइक मागून घेतला. घरून पाठ करून आणलेलं एक अक्षर आठवत नव्हतं आणि राग तर कुठल्या कुठं गेला होता.

"बाबूजी," तो म्हणाला, "तुम्हाले वाईट वाटलं असन त माफी द्या. तुमच्या वडिलायची थट्टा नाही ही. नाटक असंच हाय. पण एक गोष्ट सांगतो. आता हे सारे हसले ते तुमच्याकडं पाहून हसले. गेटवरचे लोक माझ्याकडं पाहून हसतात. हॉल लय सुंदर हाय. पण मले माझं गेट पाहिजे."

देवश्रीताई दुसऱ्या माइककडं धावल्या, आभारप्रदर्शन उरकून टाकावं म्हणून. निरंजनबाबूंनी बसूनच हात वर केला तशा त्या जागच्या जागी थांबल्या.

"और अगर मैं नीचे आकर बैठूँ तो? सबके साथ?"

हरिदासला वाटलं, हो म्हणावं. एवढं मोठं मन करून माणूस विचारतोय, हो म्हणायला काय जातं?

"मंग तिथंही तुमच्याकडंच पाहातील, बाबूजी. त्यायचा कसूर नाही. पोट हाय त्यायले."

निरंजनबाबूंनी मान वळवून त्या गोड आवाजाच्या साहेबाला जवळ बोलावलं. "गेट का जैसा है वैसा चलने दो. ट्रक आधा घंटा रुक जाएगा तो क्या होगा?"

साहेबानं मान हलवली. लोकेशनं हरिदासचा दंड दाबला, सत्यभामेनं डोळ्यांना पदर लावला. गेट मिळालं होतं, शालही गेली नव्हती. हरिदासला मात्र जिंकल्यासारखं काही वाटेना. समोर तो माणूस तसाच बसून होता, भरल्या हॉलमध्ये, आजूबाजूच्या खुर्च्या आदरानं रिकाम्या सोडलेल्या.

मग निरंजनबाबू उठून स्टेजच्या कडेशी आले. माइकपासून लांब, हळूच म्हणाले, "आख़िर में होता क्या है? उठता है वो?"

हरिदासनं माइक खाली ठेवला. गुडघे मोडून तो कडेला बसला आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगायला लागला. कसे सगळे तिरडी घेऊन निघतात. कसे रस्त्यात चहाच्या टपरीपाशी ती खाली ठेवतात आणि चाबीवरून भांडत भांडत आत चहा प्यायला जातात. मालगुजार एकटा. एक डोळा उघडतो. रस्ता मोकळा. उठून घरी जायला त्याला अडवणारं कुणी नाही.

"मंग तो म्हणते," हरिदास म्हणाला, "उठू त खरा, पण कोणासाठी उठू? न् परत डोळे मिटते."

गेटवर सगळ्यात मोठा हशा इथं यायचा. सवयीनं हरिदास त्याच्यासाठी थांबला. हशा आला नाही. त्या थांबलेल्या जागेत आपलं वाक्य त्याला स्वतःलाच ऐकू आलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, जसं होतं तसं.

"कोई उठाने नहीं आता उसको?" निरंजनबाबूंनी विचारलं.

मागं हॉल ताटकळला होता. देवश्रीताई हातातल्या कागदाची सुरळी करत होत्या.

"नाही," हरिदास म्हणाला. "तुम्हाले वरून बराबर दिसलं, बाबूजी."