परदेशी सरांच्या खुर्चीवरचा कोट

मित्रांनो, मी एक जुना राखाडी कोट आहे. एका अख्ख्या शाळेची अब्रू बरीच वर्षं माझ्या खांद्यांवर होती. आता हे खांदे म्हणजे आत भरलेला स्पंज आहे, आणि डावीकडच्या स्पंजाचा गोळा झाल्यामुळे अब्रू नेहमी जराशी उजवीकडे कललेली दिसे.

माझा जन्म सांगजू गावात बसस्थानकासमोरच्या सोक शिंप्याच्या दुकानात झाला. आमच्या शाळेत पहिलेवहिले परदेशी इंग्रजी शिक्षक आले, ते वेल्समधले ग्विलिम सर. त्यांच्या मापाचा तयार कोट गावात मिळेना. सोक आजोबा स्टुलावर चढून त्यांच्या खांद्यांचं माप घेताना पुटपुटले, "एवढ्या कापडात माझ्या दोन्ही जावयांचे कोट झाले असते." पण काम त्यांनी मन लावून केलं. आतून रेशमी अस्तर लावलं, काजं हातानं केली. आत एक चोरखिसाही ठेवला. त्यात पुढे कायम खडूचे तुकडे राहिले.

आमच्या शाळेत दारातच बूट काढून सपाता घालतात. त्यामुळे वरून मंत्री आणि खालून न्हाणीघरातून आलेला माणूस, असं सगळ्या शिक्षकांचं रूप असतं. उपमुख्याध्यापक प्यो सरांचा सूट गावात एक नंबरचा, पण सपातांना तळवे दाबणाऱ्या रबरी गाठी होत्या. ते आले की आधी गाठींचा आवाज यायचा. मला सपाता खालच्या दर्जाच्या वाटत. आता तसं वाटत नाही, कारण सपाता रोज कामावर असायच्या आणि मी नसायचो.

परदेशी शिक्षकाच्या कपड्यांची एक ठरलेली उतरण असते. पहिल्या दिवशी कोट आणि टाय. पुढच्या आठवड्यात टाय जातो. पानं पिवळी पडेपर्यंत कोट जातो आणि बर्फ पडेपर्यंत गडी टोपीवाल्या स्वेटशर्टात फळ्यासमोर उभा असतो. ग्विलिम सर याच उतरणीनं गेले. देश सोडताना बॅगेत जागा नाही म्हणून त्यांनी मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं. त्या दिवसापासून मी माणसाचा राहिलो नाही, खुर्चीचा झालो. त्या खुर्चीवर जो बसेल त्यानं पालकांसमोरच्या खुल्या पाठाला, निरोप समारंभाला आणि शाळेच्या वार्षिक फोटोला मला अंगात घालायचं, असा रिवाज पडला. कोणाचे हात माझ्या बाह्यांत बुडाले, कोणाची मनगटं बाहेर राहिली. व्हरांड्यात ते फोटो ओळीनं लावलेत. एका नव्या पालकानं ते बघून शिपायाला विचारलं होतं, "या सरांची तब्येत दर वर्षी एवढी कशी बदलते?" माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

मग कॅनडाहून लॉर्न सर आले. गहू पिकवणाऱ्या घरातला उंच, लाजाळू माणूस. मी त्यांना असा बसलो की सोक आजोबांनी पाहिलं असतं तर त्यांना आपले जावई आठवले नसते. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या हिवाळ्याच्या सुट्टीत त्यांचे आजोबा वारले म्हणून ते घरी गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, एक मासा गोंदलेला होता. आजोबा बर्फाला भोक पाडून तो मासा धरायचे म्हणे. थंडीत मासा बाहीखाली होता. मे महिन्यात बाह्या वर गेल्या आणि मासा शाळेत पोहू लागला.

आता आमच्या गावात हातभर गोंदवून घेणारा माणूस म्हणजे गुंड, किंवा गुंडाला पैसे देणं असलेला. मुलांना मासा फार आवडला. मोठ्यांपैकी कोणी त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळे हवेबद्दल बोलू लागले.

लॉर्न सरांच्या शेजारच्या टेबलावर हाम बाई बसत. परदेशी शिक्षकाचं घरभाडं, दातदुखी, टपाल, सगळं त्यांच्याकडे. बाई इंग्रजीच्या नावाजलेल्या शिक्षिका. आज्ञार्थी वाक्यं शिकवण्यात तर त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. मात्र स्वतःच्या तोंडून आज्ञार्थ कधी निघायचा नाही. मीठ हवं असलं तर त्या म्हणायच्या, "आज सूप जरा शांत झालंय."

एक दिवस व्हरांड्यात प्यो सरांनी त्यांना गाठलं. दार उघडं होतं, त्यामुळे मी ऐकलं.

"हाम बाई, यंदा उन्हाळा लवकर आला."

"हो सर, आला खरा."

"तुमच्या लॉर्न सरांना तर फारच लवकर आलेला दिसतो."

बाई टेबलापाशी परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. संगीत शिकवणाऱ्या ताक बाई समोरच बसत. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"सरांनी मासा पाहिलाय. ऑगस्टमध्ये लॉर्न सरांचा करार संपतोय. आता तो वाढत नाही."

"मग सांग ना त्यांना, बाह्या खाली करा म्हणून."

"असं कसं सांगू? आजोबांचा मासा आहे तो."

"मग कोट घाला म्हण. समोर लटकतोय तो काय पडदा म्हणून?"

हाम बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघते."

त्यांना एवढी काळजी वाटण्याचं कारण होतं. लॉर्न सरांना आणखी एक वर्ष राहायचं होतं. त्यांनी पहिलीपासून शिकवलेली मुलं आता तिसरीत, म्हणजे आमच्या माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, आणि फेब्रुवारीत त्यांचा निरोप समारंभ होता. "त्या दिवशी मला इथं असायचंय," ते बाईंना म्हणाले होते. "मी त्यांना भूतकाळ शिकवला, त्यांनी मला शिव्या शिकवल्या. अर्ध्यावर कसं सोडू?" बाईंनाही ते हवे होते. इतक्या वर्षांत खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी मुलांची नावं बरोबर उच्चारणारे हे पहिलेच.

जूनमध्ये खुला पाठ होता. वर्गात मागे पालक बसणार, दाराशी प्यो सर उभे राहणार. त्या दिवशी मी लॉर्न सरांच्या अंगावर असलो की मासा झाकला जाणार आणि पुढचं सगळं सुरळीत होणार, असं हाम बाईंचं गणित होतं. माझंही होतं. सकाळीच बाईंनी मला ब्रश मारला. मग अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून लॉर्न सर आले.

"थंडी नाही वाजत तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"थंडी?" सर हसले. "आमच्या गावी पापण्या गोठतात बाई. हे तर मला अंघोळीच्या खोलीसारखं वाटतंय."

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "खिडकीतून वारा येतोय, नाही का?" सरांनी उठून खिडकी लावली.

जेवणानंतर बाई म्हणाल्या, "अशा हवेत अंगावर काहीतरी असलेलं बरं." सरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला बरं नाही का?"

"छे, मी ठीक आहे."

मित्रांनो, घात झाला तो इथं. या मुलखात 'मी ठीक आहे' म्हणणारा माणूस ठीक नसतो, एवढं लॉर्न सर दोन वर्षांत शिकले होते. नेमकं तेवढंच शिकले होते.

तरी हाम बाईंनी एक वाट राखून ठेवली होती. पाठ आज्ञार्थाचा होता. मुलांनी हुकूम द्यायचे आणि सरांनी ते करून दाखवायचे. जे वाक्य त्या स्वतः बोलू शकत नव्हत्या ते त्यांनी पाठात घातलं होतं, अगदी शेवटी, आणि मला वर्गातल्या खुर्चीवर आणून ठेवलं होतं.

पाठ रंगला. पोरं ओरडत होती, उभे राहा, बसा, पुस्तक उघडा, आणि लॉर्न सर प्रत्येक हुकूम नाटकातल्या नोकरासारखा पाळत होते. मासा वरखाली होत होता. मागे बसलेल्या आया हसून हसून पदराऐवजी पर्सनं तोंड झाकत होत्या. प्यो सर दाराशी रुमालानं मान पुसत होते. मग पहिल्या बाकावरची दा-सोम उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोट घाला."

कोणाला, ते वाक्यात नव्हतं.

सरांनी मला उचललं. माझ्या अस्तराला त्यांच्या हाताची ऊब लागली. एक बाही उघडली गेली. तेवढ्यात त्यांची नजर फळ्याशी उभ्या असलेल्या हाम बाईंकडे गेली. त्या डोळे मोठे करून, मान हलवून, जिवाच्या आकांतानं त्यांना खुणावत होत्या. सकाळपासून कुडकुडणाऱ्या आणि सभ्यतेपायी न बोलणाऱ्या बाईंची सरांना दया आली. ते चार पावलं चालत गेले आणि सगळ्या पालकांदेखत त्यांनी मला हाम बाईंच्या खांद्यांवर घातलं. वर हळूच कॉलरही सारखी केली.

वर्गात एकच कल्ला झाला. मागून कुजबुज आली.

"अगं, बाईंचं लग्न झालंय ना?"

"कधीच. मुलगा सैन्यात आहे."

"मग झाली पंचाईत."

कोट काढला तर सरांचा अपमान. म्हणून हाम बाईंनी उरलेला तास माझ्यातच शिकवला. जून महिना, त्यात वर्गाच्या खिडक्याही बाईंसाठी सरांनीच लावलेल्या. त्यांचा घाम माझ्या अस्तरात उतरला, तो डाग अजून आहे. तास संपल्यावर प्यो सर एवढंच म्हणाले, "पाठ छान झाला. बाई, तुम्ही जरा पाणी प्या."

जुलैत कळलं की करार वाढणार नाही. प्यो सर म्हणाले, "काही कारणं आहेत," आणि सपाता वाजवत निघून गेले. हाम बाईंना वाटलं, मासा. लॉर्न सरांना वाटलं, आपण बाईंच्या खांद्याला हात लावला म्हणून. दोघांच्या टेबलांमध्ये मी लटकत होतो आणि दोघांचेही उसासे माझ्यात जात होते.

"मी तो कोट तुमच्या अंगावर घालायला नको होता," सर म्हणाले.

"नाही नाही, तसं काही नाही," बाई म्हणाल्या.

शेवटी ताक बाईंनी सरांना सांगितलं, "आमच्याकडे थंडी वाजते का विचारलं की अंगात काहीतरी घाला असा अर्थ असतो."

सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "मग त्यांनी सरळ का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. दिवसभर सांगत होत्या."

ऑगस्टच्या शेवटी, निरोपाच्या दिवशी, लॉर्न सरांनी टाय बांधला, लांब बाह्यांचा शर्ट घातला आणि वर मला. मासा पूर्ण झाकलेला. "हा कोट मी घेऊन जातोय, चालेल ना?" त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मित्रांनो, मी पुन्हा माणसाचा होणार होतो. मला कॅनडा बघायला मिळणार होता. सर टेबलाटेबलापाशी जाऊन वाकून नमस्कार करत प्यो सरांपुढे आले. उन्हानं खोली तापली होती. प्यो सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपुलकीनं विचारलं, "उकडत नाही तुम्हाला?"

लॉर्न सर थबकले. आता त्यांना ही भाषा येत होती. त्यांनी मला उतरवलं, नीट घडी घातली, दोन्ही हातांनी खुर्चीवर ठेवलं आणि वाकून म्हणाले, "माफ करा. कोट शाळेचा आहे." मग ते गेले. प्यो सर पंख्याचं बटण शोधत होते.

फेब्रुवारीत तिसरीच्या मुलांचा निरोप समारंभ झाला. सभागृहात हीटर बंद पडला होता. हाम बाई मला खांद्यांवर घेऊन आल्या होत्या. निदान कोट तरी तिथं असावा, असं त्यांना वाटलं असेल. दा-सोमनं लांबूनच मला ओळखलं आणि हात हलवला. प्यो सर शेजारी येऊन उभे राहिले.

"थंडी वाजतेय वाटतं, बाई."

"हो, वाजतेय," बाई म्हणाल्या. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यांनी सरळ विचारलं, "सर, लॉर्न सरांना काढलं ते त्या माशामुळेच ना?"

प्यो सर गोंधळले. "कसला मासा?"

बाईंनी स्वतःच्या हातावर बोट फिरवून दाखवलं. प्यो सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला वाटायचं शाई सांडलीय," ते म्हणाले.

इंग्रजीच्या खोलीत आता जुनी बाकं ठेवतात आणि मी त्यांच्यावर पडून असतो. माझ्या कोपराला कसर लागली आहे. मित्रांनो, कपाटातल्या कोटांत डांबराच्या गोळ्या ठेवत जा. वर्षातून एकदा तरी त्यांना ऊन दाखवा. आणि कोणी कोट घालावा असं मनात असेल तर तसं म्हणा, त्याला थंडीबद्दल विचारू नका. मी एवढंच सांगू शकतो, कारण माझ्या आयुष्यात घडलं ते एवढंच.

गावात मुलं कमी झाली म्हणून परदेशी शिक्षकाची ती जागा एप्रिलमध्येच रद्द झाली होती. खुला पाठ जूनमध्ये होता.