मुंगीचा वेल

बाबा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांची चव आणि वास दोन्ही गेले, आणि तेव्हापासून ते त्याच कँटीनमध्ये कांदे-बटाटे चिरायला बसत. "जीभ बिनपगारी रजेवर गेलीय," असं ते सगळ्यांना सांगत. घरचा स्वयंपाक मात्र त्यांनी सोडला नव्हता. मीठ बघायचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं. कुठून ना कुठून काहीतरी ओढून आणायची, म्हणून तिचं नाव मुंगी.

त्या सकाळी मी प्रयोगशाळेतली पाणी तपासायची रात्रपाळी संपवून घरी आले, तर बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यात बसले होते. उलट्या थांबत नव्हत्या. जुलाबात रक्त होतं. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं?

"मासळी," बाबा म्हणाले. "बाजारची. शिळी असणार."

ती मासळी माझ्या डब्यातही होती. मला काही झालं नव्हतं.

त्यांचे कपडे आणायला घरी गेले तेव्हा ओट्यावर कढई झाकून ठेवलेली दिसली. तळाशी मुंगीने काल आणलेल्या भोपळ्याच्या दोन फोडी उरल्या होत्या. मी एक फोड जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच थुंकले. चूळ भरली तरी तो कडूपणा घशापर्यंत उतरत राहिला.

मुंगी शेजारच्या युवक मंडळात जायची. मंडळाच्या मागच्या पडीक जागेत मुलांनी वाफे केले होते आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पेराल तसे उगवेल'. बियाणं विकत घ्यायचं नाही, आपलंच राखायचं, याचा त्यांना फार अभिमान. मागच्या वर्षी भोपळ्यांच्या शेजारी, फाटकावर, शोभेच्या भोपळ्यांचा वेल चढवला होता. पट्ट्यापट्ट्यांची नारिंगी फळं, नुसती बघायची. मधमाशीला खायचं कुठलं आणि शोभेचं कुठलं, याच्याशी देणंघेणं नसतं. त्या वर्षीची फळं गोडच निघाली, कारण गर फळ धरणाऱ्या वेलाचाच असतो. संकर बियांत उतरला होता. शोभेच्या फळातलं कडू विष यंदा त्या बियांतून उगवलेल्या वेलांच्या फळांत आलं, तेही सगळ्या वेलांच्या नाही, काहींच्याच. शिजवून ते जात नाही.

मी परत गेले तेव्हा बाबांना सलाईन लावलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, रक्तदाब चढत नाही.

"भोपळा कडू होता," मी हळू आवाजात म्हटलं.

"मुंगी म्हणाली होती. पहिल्याच घासाला."

"मग टाकला का नाही?"

"पोरीचा पहिला भोपळा," बाबा म्हणाले. "तोंड एवढंसं झालं होतं तिचं. मी म्हटलं, तुझ्या जिभेचेच नखरे, आण इकडे. तिच्या ताटातलाही संपवला. मला काय, कडू नि गोड सारखंच." मग म्हणाले, "तिला मासळीच सांग. नाहीतर पोर पुन्हा मातीला हात लावणार नाही."

मी हो म्हटलं. जिन्यात पोचले आणि लक्षात आलं, काल मुंगीसारखाच मंडळातल्या बाकीच्या नऊ पोरांनीही एकेक भोपळा घरी नेला होता.

मंडळ चालवणाऱ्या दादांना मी मुलांपासून बाजूला नेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "भोपळ्यांत किडे निघालेत, फेकून द्या, असं कळवतो," ते म्हणाले. "उगाच घबराट नको."

"किडा काढून चिरतील, दादा. किड्यासाठी भोपळा कोण फेकतं?"

"मग काय सांगू?"

"कडू लागला तर विष आहे, असं सांगा. आणि एक माणूस रुग्णालयात आहे."

मागे पाण्याचा आवाज झाला. मुंगी झारी घेऊन उभी होती आणि पाणी तिच्या चपलांवर सांडत होतं.

"मासळी नाही का?" तिने विचारलं. सकाळी घरातून निघताना बाबांनी तिलाही मासळीच सांगितली होती.

बाबांना दिलेला शब्द माझ्या तोंडाशी होता. पण नऊ घरांत चुली पेटायची वेळ झाली होती.

"नाही," मी म्हटलं.

ती रडली नाही. झारी खाली ठेवली, कोपऱ्यातली रिकामी गोणी उचलली आणि म्हणाली, "घरं मला माहीत आहेत."

दारोदार तीच बोलली. दादा मागे गोणी धरून, मी त्यांच्या मागे. एका काकूंनी हसून म्हटलं, "अगं, चांगला गुटगुटीत आहे. सोन्यासारखी भाजी फेकायची?"

"माझ्या बाबांनी खाल्ला," मुंगी म्हणाली. काकूंनी गॅस बंद केला आणि पातेलं तसंच गोणीत पालथं केलं.

प्रत्येक दारात तिने तेच वाक्य म्हटलं, एकही शब्द गाळला नाही. सगळे भोपळे मिळाले. कुणी खाल्ला नव्हता.

संध्याकाळी आम्ही रुग्णालयात गेलो. बाबांचे ओठ राखाडी झाले होते आणि लघवी बंद झाली होती. मुंगीने नखांतली माती फ्रॉकला पुसली आणि त्यांचा हात धरला.

"मुंगे," ते म्हणाले, "त्या मासळीवालीकडून परत घेऊ नकोस हं. लबाड आहे."

मी खिडकीकडे पाहत राहिले.

"नाही घेणार," मुंगी म्हणाली. "मलाही त्या मासळीचा वास आला होता."

"आणि वेलाला पाणी?"

"घातलं, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.