जांघेतल्या गाठी

डॉक्टर बोलत होते मास्तरणीच्या आजाराबद्दल आणि बघत होते तिच्या नवऱ्याकडे. नवरा बघत होता टेबलावरच्या पेपरवेटकडे. मास्तरीण मधल्या खुर्चीत एका बाजूवर तोल सांभाळत बसली होती, कारण सरळ बसलं की आग व्हायची. बराच वेळ तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "डॉक्टर, तोंड जरा इकडे करा. कॅन्सर यांना नाही, मला झालाय."

मास्तरीण म्हणजे गाडी चालवायला शिकवणारी. तिच्या गाडीत तिच्याही पायाशी एक ब्रेक आणि एक क्लच, आणि जीभ अशी तिखट की शिकणारा समोरच्या ट्रकपेक्षा तिलाच जास्त घाबरायचा. अशा बाईने सहा महिने ब्र काढला नव्हता. आधी खाज, मग फोड, मग जखम. थोरल्या जावेला कसंबसं सांगितलं, तर जावेने तिला फॅमिली डॉक्टरकडे नेलं ते "हिची पाठ धरलीय" असं सांगून, आणि हीसुद्धा शेजारी मुकाट बसून राहिली. मग काय, पाठीच्या गोळ्या झाल्या, पाठीला पट्टा झाला. पट्टा अगदी मापात बसला, एवढंच काय ते समाधान. शेवटी जखमेतून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे तिने खरं सांगितलं आणि तुकडा तपासायला गेला.

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. "योनीमुखाचा कॅन्सर आहे. आता प्रश्न एवढाच, की तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलाय का. त्यासाठी आधी तो कातडीत किती खोल गेलाय ते बघतात. एक मिलिमीटरच्या आत असला तर गाठींना सहसा धोका नसतो. तुमचा साडेतीन आहे. आकार अडीच सेंटिमीटर, चारच्या वर असता तर काळजी वाढली असती. बारीक नसांमध्ये पेशी शिरलेल्या दिसत नाहीत, जांघेत हाताला काही लागत नाही, हे चांगलं. पण या खोलीला गाठी तपासल्याशिवाय सोडता येत नाही."

"सहा महिन्यांपूर्वी आले असते तर?"

"खोली कदाचित कमी असती. नक्की नाही सांगता येणार."

मागच्या खुर्चीत जाऊ पर्सची चेन उघडझाप करत होती. मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावेचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

डॉक्टर पुढे सांगत होते. जखम मधोमध असल्यामुळे या छोट्या हॉस्पिटलात ते दोन्ही जांघांतल्या सगळ्या गाठी काढणार. त्यानंतर पाय सुजतात, पुष्कळ जणींचे कायमचे. दुसरा मार्ग म्हणजे औषध टोचून, कॅन्सर सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या एक-दोन गाठी शोधायच्या आणि तेवढ्याच काढून तपासायच्या. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. ती सोय मोठ्या हॉस्पिटलात होती.

"त्यात चुकतं का कधी?" तिने विचारलं.

"क्वचित. शंभरात दोन-तीन जणींना पुढे जांघेत पुन्हा होतो. आणि त्या गाठीत काही सापडलं तर पुढचे उपचार आलेच."

"सगळ्याच काढून टाका," नवरा म्हणाला. "जीव वाचला म्हणजे मिळवली."

"आणि मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर माझी भाची बसते," जाऊ हळूच म्हणाली. "नात्यात सगळीकडे बोभाटा होईल."

नवऱ्याने मान आणखी खाली घातली. तेव्हा मास्तरणीला कळलं की त्याची अर्धी भीती तिच्या जिवाची आहे आणि अर्धी या बोभाट्याची.

"पाय माझे आहेत," ती म्हणाली. "तुमच्या लाजेपायी मी ते सुजवून घेणार नाही. मी मोठ्या हॉस्पिटलात जाणार."

घरी येऊन ती बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडली. घाबरली होतीच, कोण नाही घाबरणार? डोळे पुसून बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या यायचं असेल तर या. पण माझ्या वतीने काही बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या हॉस्पिटलात आला, पण रांगेपासून लांब, पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिला. खिडकीत खरंच जावेची भाची होती.

"काकू, तुम्ही? काय होतंय?"

"योनीमुखाचा कॅन्सर. जांघेतल्या गाठी तपासायच्यात."

मागची कुजबुज थांबली. पोरगी लाल झाली, काचेजवळ वाकली. "काकू, मी पोटाचं लिहिते. आपल्यात कुणाला कळायला नको." आणि लिहिलंसुद्धा. मनाने चांगली होती बिचारी, म्हणून तर जास्त धोक्याची.

"पोटाचं लिहिलंस तर पोटाच्या डॉक्टरांकडे जाईन. ते पोट दाबतील, गोळ्या देतील. तोवर हा कॅन्सर आत किती मिलिमीटर जाईल, ते तू सांगणार का मला?"

"काकू, लोक ऐकतायत हो."

"ऐकू देत."

पोरीचा हात काही हलेना. एवढ्यात नवरा कूलर सोडून पुढे आला. हा आता दंडाला धरून बाहेर नेणार, असं वाटून मास्तरणीने खिडकीची कड घट्ट पकडली. तो काचेच्या भोकाशी वाकला. त्याने खाकरून घसा साफ केला.

"योनीमुखाचा," तो म्हणाला, गरजेपेक्षा बराच मोठ्याने. "माझ्या बायकोला योनीमुखाचा कॅन्सर आहे. तसं लिही."

पोरीने पोट खोडलं आणि जे होतं ते लिहिलं.